पाचवा दिवा

१

शुक्रवारी दुपारी दोन वाजले की ती हातातली कवळी खाली ठेवायची, आणि मग एखादा राजा बोळकं तोंड घेऊन दारात उभा राहिला असता तरी पुन्हा उचलायची नाही. दात बनवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला अकरा वर्षं झाली होती. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे. त्यांवर मेण चढवून, दात बसवून, घासूनपुसून ती कवळ्या तयार करायची. मालकांची कुरकुर चालायची, पण शुक्रवारचा अर्धा दिवस पहिल्यापासून ठरलेला होता. "आमच्या दातवालीचा शब्बाथ आला," असं ते दर आठवड्याला म्हणायचे आणि दर आठवड्याला स्वतःच हसायचे.

घर यहुद्यांचं. इतर बाबतींत थोडंफार इकडेतिकडे चालायचं, पण शुक्रवारच्या बाबतीत सगळे काटेकोर, कारण त्या संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू व्हायचा. सूर्य मावळला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत आग पेटवायची नाही, विझवायची नाही, विजेच्या बटणाला बोट लावायचं नाही. त्यामुळे सगळी धावपळ आधी. सूप तयार, वेणी घातलेले दोन पाव रुमालाखाली झाकलेले, मुलं न्हाऊन चकचकीत, आणि मग सूर्यास्ताच्या थोडं आधी ती खिडकीपाशी मेणबत्त्यांचे दिवे लावायची. दोन दिवे घराचे आणि लेकरागणिक एकेक, अशी तिच्या सासरची रीत होती. मुलं दोन, म्हणून दिवे चार. नऊ वर्षांची ठकी आणि सहा वर्षांचा बटाट्या तिच्या पाठीशी उभं राहून तिच्या स्वेटरचं एकेक टोक धरायचे. (बटाट्या हे नाव आत्याने ठेवलं होतं, आणि त्याचे गाल पाहून कुणीच हरकत घेतली नव्हती.) दिवे लावून झाले की ती दोन्ही तळहातांनी डोळे झाकायची, प्रार्थना म्हणायची, आणि डोळे उघडले की शब्बाथ घरात आलेला असायचा. मग मुलांचे बाबा एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हणत, मुलं आमेन म्हणत, आणि सगळे सुपावर तुटून पडत.

एका शुक्रवारी हे सगळं हुकलं. कुणा नवरदेवाच्या वडिलांची कवळी लग्नाच्या आदल्या दिवशी दुभंगली होती. ते गृहस्थ तोंडावर रुमाल धरून प्रयोगशाळेत आले, आणि तिला दया आली. दोनाचे चार वाजले. मग बस मिळेना. जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करत ती चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा सूर्य मावळून नऊ मिनिटं झाली होती.

घरात अंधार होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आल्या आल्या तो अंघोळीला गेला होता आणि बाहेर येईपर्यंत वेळ टळली होती. म्हणून घरभर एकच दिवा चालू, तो न्हाणीघरातला. काड्यापेटी टेबलावर, चार दिवे न पेटवलेले, आणि मुलं खिडकीशी चिकटून बसलेली.

"आई, तू आलीसच नाहीस," ठकी म्हणाली.

न्हाणीघराचं दार उघडं ठेवून त्या उजेडात ते जेवले. नवऱ्याने त्यावर दोन-चार विनोद केले. तिला हसू आलं नाही. लग्नाच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा तिचं घर शब्बाथच्या संध्याकाळी बिनदिव्याचं राहिलं होतं, आणि अंधारात जेवताना तिला सारखं वाटत होतं की आपण दार नीट लावलेलं नाही. दोनदा उठून तिने पाहिलं. दार लावलेलंच होतं.

२

शनिवारी रात्री सासूबाईंचा फोन आला. त्या दुसऱ्या गावी थोरल्या मुलाकडे राहत. हिने सगळं खरं सांगून टाकलं.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "मग आता पुढच्या शुक्रवारपासून एक दिवा जास्त लाव."

"किती दिवस?"

"दिवस कसले? जन्मभर. एकदा चुकलं की जन्मभर एक जास्त. माझ्या मावशीचं असंच झालं होतं, बिचारी म्हातारी होईपर्यंत लावत होती. त्यात घाबरायचं काही नाही गं. विसरलो होतो याची आठवण राहावी, एवढंच."

तिला हे आवडलंसुद्धा. दंड भरला की माणूस मोकळा होतो. तिने बाजारातून मेणबत्ती उभी करायची पितळी दिवठाणी आणली आणि पुढच्या शुक्रवारी चार दिव्यांच्या शेजारी पाचवा दिवा लावला.

"हा कुणाचा?" बटाट्याने विचारलं. कुठला दिवा आपला, कुठला ठकीचा, कुणाचा जास्त वेळ टिकतो, यावर त्या दोघांच्या पैजा लागत.

"कुणाचाच नाही. तुझ्या आईच्या विसरभोळेपणाचा."

बटाट्याला ते पटलं नाही. "दिवा आहे म्हणजे कुणाचातरी असणारच ना," तो म्हणाला.

जेवायला बसताना तिच्या लक्षात आलं की टेबलावर पाच ताटं आहेत. ताटं मांडणं ठकीचं काम. ठकीने दिव्यांकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं, आणि खांदे उडवले. "चुकून मांडलं," ती म्हणाली. सगळे हसले. पाचवं ताट उचलून ठेवायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि जेवण झाल्यावर ते भांड्यांच्या ढिगात खरकटं झालेलं निघालं. तिने स्वतःला समजावलं की कुणीतरी वरून दुसरं ताट ठेवलं असेल, त्याचं सूप लागलं असेल. असं होतं.

३

तिसऱ्या शुक्रवारी तिने पाच दिवे लावले आणि डोळे झाकले. प्रार्थना अर्ध्यावर आली असेल तेव्हा स्वेटर मागून ओढला गेला. डावीकडून ठकी, उजवीकडून बटाट्या, हे नेहमीचंच. आणि मधे, पाठीच्या मणक्याच्या बरोबर खाली, तिसरी एक मूठ. फार खाली. बटाट्याच्या हातापेक्षाही वीतभर खाली.

प्रार्थना मधेच तोडायची नसते. तिने शेवटपर्यंत म्हटली, शब्द गिळत गिळत, आणि गर्रकन वळली. दोन मुलं उभी होती. डावीकडे एक, उजवीकडे एक.

"मधे कुणी धरलं होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ठकी म्हणाली, "मी नाही." बटाट्याने नुसती नकारार्थी मान हलवली. एरवी खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, ते तिने पाहिले. कान पांढरे होते.

रात्री जेवण झाल्यावर उरलेला पाव झाकून ठेवायला तिने रुमाल उचलला. दुसरा पाव अजून कापलेला नव्हता, पण त्याच्या टोकाला चावा घेतलेला होता. आता दुसऱ्या कुठल्या आईने मुलांना हाका मारल्या असत्या, रागावली असती आणि विसरून गेली असती. हिचं पोट दातांवर चालत होतं. तिने पाव खिडकीशी, दिव्यांच्या उजेडात नेला.

बटाट्याचे पुढचे दोन दात पडलेले. त्याच्या चाव्यात मधे खिंड राहते. ठकीचा सुळा वाकडा. नवऱ्याच्या वरच्या दातांत फट. हा चावा त्यांतल्या कुणाचा नव्हता. जबडा इवलासा, तीन वर्षांच्या मुलाचा असतो तेवढा. आणि दात अगदी सरळ, एकमेकांना चिकटून, ओळीने. तिने नखाने खुणा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. एवढ्याशा जबड्यात एवढे दात बसत नाहीत. तिने बसवायचे म्हटले असते तरी बसले नसते.

नवऱ्याला तिने पाव दाखवला. "पाव फुगतो, आकसतो," तो म्हणाला. "तू आता पावालाही कवळी लावणार का?" तेही तिला पटवून घ्यायचं होतं म्हणून तिने पटवून घेतलं. पण तो तुकडा तिने मुलांना खाऊ दिला नाही.

४

त्यानंतर बटाट्याचा दिवा लवकर विझायला लागला.

पाचही मेणबत्त्या एका खोक्यातल्या, एका मापाच्या, त्या ती स्वतः पारखून घेऊ लागली. तरी डावीकडून चौथा दिवा आधी जायचा. पहिल्यांदा जेवण संपता संपता. पुढच्या आठवड्यात सूप पिताना. त्याच्या पुढच्या आठवड्यात बाबांचा आशीर्वाद म्हणून झाला आणि लगेच. आणि दिवा गेला की बटाट्या असेल तिथे झोपायचा. हातात चमचा असला तर चमच्यासकट. हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं तरी तो उठायचा नाही. पाचवा दिवा सगळ्यांच्या शेवटी विझायचा, आणि तो विझला की बटाट्या कूस बदलायचा आणि पाणी मागायचा.

शब्बाथला विझलेला दिवा पुन्हा पेटवायचा नसतो, पेटलेला विझवायचा नसतो. म्हणून दर शुक्रवारी ती त्याला मांडीवर घेऊन बसायची आणि पाचव्या दिव्याकडे बघत राहायची. तो सावकाश जळायचा. वाराही त्याला हलवायचा नाही. समोरची पाचवी खुर्ची, जी कुणीच कधी मुद्दाम टेबलाशी आणली नव्हती, ती भिंतीकडे तोंड करून असायची.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे पाहिले, वजन केलं. वजन दीड किलो कमी झालं होतं. "वाढीचं वय आहे, दमत असेल," ते म्हणाले. गालांवरून ठेवलेलं नाव आता त्या गालांना शोभत नव्हतं.

एकदा कपडे घालताना तिने त्याला जवळ ओढलं. "तुला कुणी त्रास देतं का रे? मला सांग. मी कुणालाही घाबरत नाही."

"त्रास नाही देत," तो म्हणाला. "त्याला फक्त जागा पाहिजे."

"कुणाला?"

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की आईने असं वेड पांघरावं याचंच त्याला नवल वाटलं असावं. "तूच तर त्याचा दिवा लावतेस."

५

त्या शनिवारी रात्री तिने सासूबाईंना फोन लावला. जास्तीचा दिवा बंद केला तर चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"का गं, काय झालं?"

"मुलाला सोसत नाहीये." याहून जास्त तिला सांगवेना. आपणच आपल्या तोंडाने ते म्हणायचं आणि आपल्याच कानांनी ऐकायचं, याची तिला धास्ती वाटली.

"मेणाचा वास सोसत नसेल. खिडकी उघडी ठेव," सासूबाई म्हणाल्या. "दिवा बंद नको करूस. वाढवलेला दिवा कमी करत नाहीत, असं आमच्याकडे म्हणायचे. का, ते मला नाही माहीत बाई. आणि काय गं, त्यांना जरा गप्प कर ना, मला तुझं बोलणं ऐकू येत नाहीये. तिघं एकदम ओरडतायत."

तिने मागे वळून पाहिलं. ठकी शाळेचं दप्तर भरत होती. बटाट्या पलंगावर निजला होता. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

"तिघं?" तिने विचारलं.

"तिघंच ना?" सासूबाई म्हणाल्या, आणि मग तोंडातल्या तोंडात नातवंडं मोजली. "अगं नाही, दोन. दोनच. माझं मेलीचं वय झालं आता."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिली. रडू आलं ते तिने येऊ दिलं. मग तिने तोंड धुतलं आणि ठरवलं. रीत मोडली तर पाप लागेल. लागू दे, ते आपल्याला लागेल. तिचा एवढासा लेक डोळ्यांदेखत विरत चालला होता, आणि त्याला विरवणारा दिवा ती स्वतः, स्वतःच्या हाताने, दर शुक्रवारी पेटवत होती. रविवारी सकाळी तिने ती पितळी दिवठाणी कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत नेली आणि खणात कुलूपबंद केली.

६

शुक्रवारी तिने चारच दिवे मांडले.

नवऱ्याने पाहिलं. "आईला कळलं तर?" तो म्हणाला.

"कळू दे."

बटाट्याला त्यानेही त्या आठवड्यात दोनदा उचलून पाहिलं होतं, वजनाचा अंदाज घेतल्यासारखं.

तिने काडी ओढली. दोन घराचे, एक ठकीचा, एक बटाट्याचा. चारही छान पेटले. स्वेटरचं डावं टोक ओढलं गेलं, उजवं टोक ओढलं गेलं. मधे काही नाही. तिने डोळे झाकले आणि प्रार्थना म्हटली, सावकाश, एकेक शब्द सुटा. बाहेर सूर्य मावळत होता ते तिला तळहातांच्या आडून कळत होतं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

तिने डोळे उघडले. चौथा दिवा ताठ जळत होता. ती हसत वळली.

डावीकडे ठकी होती. उजवीकडे मुलगा होता. त्याच्या अंगात बटाट्याचा निळा शर्ट होता, भांग बटाट्यासारखा डावीकडे पाडलेला होता, आणि गाल गुबगुबीत होते.

"बघ, बघ, रंग आला की पोराला!" नवरा म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने कापत होता. "तुझंच बरोबर होतं."

मुलगा तिच्याकडे बघून हसला. आणि हसताना त्याने ओठ फाकले.

पुढच्या दोन पडलेल्या दातांची खिंड नव्हती; दात ओळीने, चिकटून, नको तितके होते. दात तिने पाहिले तेवढे पुरे होते. दोन मुलांपुरते दिवे तिने लावले होते, आणि घरात दोन मुलं होती. कुणी राहायचं आणि कुणी जायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिने टेबलाकडे झेप घेतली. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायला मुभा असते, हे तिला लहानपणी शिकवलेलं होतं. तिने कधी मोडला नव्हता. खोक्यातून मेणबत्ती काढली, बशीत उभी केली आणि काडी ओढली.

"अगं, काय करतेस? सूर्य मावळला!" नवरा ओरडला.

मेणबत्ती पेटली. ठकी रडायला लागली. घरात दुसरं काहीच बदललं नाही. दोन मुलं होती, दोनच राहिली.

मुलाने जवळ येऊन त्या ज्योतीकडे पाहिलं. "ही नुसती मेणबत्ती आहे, आई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "वेळ गेली."

मग तो जाऊन खुर्चीत बसला. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं, आणि त्याला काय करावं ते कळेना म्हणून त्याने नेहमीचं केलं. ठकीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हटला. ठकी हुंदके देत आमेन म्हणाली. मग त्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, पुन्हा म्हटला. मुलगाही आमेन म्हणाला, आणि नवऱ्याने हात पटकन काढून घेतला. तो आपल्या तळव्याकडे बघत राहिला.

ती खिडकीपाशी उभी होती. आशीर्वाद म्हणणं तिच्याकडे कधी नव्हतंच, तरी शब्द तिला पाठ होते. तिने उजवा हात पुढे केला आणि हवेत धरला, सहा वर्षांच्या मुलाचं डोकं असतं तितक्या उंचीवर. ती उंची तिला बोटाबोटाने ठाऊक होती. हाताखाली काही नव्हतं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत आशीर्वाद म्हटला, आणि थांबली.

खुर्चीतल्या मुलाने पाव चावता चावता तोंड थांबवलं होतं.

आणि तिच्या हाताखालून, अगदी हळू, झोपेतून बोलावं तसं, तिचा लेक म्हणाला, "आमेन."

तिने हात हलवला नाही. चारही दिवे एकामागोमाग विझले, बशीतली मेणबत्तीही विझली, नवऱ्याने दोनदा हाक मारली, तरी ती तशीच उभी राहिली. खांद्यापासून हात भरून आला होता. पाचवा दिवा पुन्हा वेळेत लावता येईल त्या शुक्रवारला अजून सात दिवस होते.